चॉकलेट-मिंटच्या गोळ्यांचे पोषणमूल्य : वेष्टनावरचे आकडे नेमके कसे वाचावेत?

उंबरठा (मूळ प्रश्न)

नमस्कार.

माझ्या वडिलांना गेली नऊ वर्षे टाइप २ मधुमेह आहे. बाकीचे सर्व गोड पदार्थ त्यांनी कोणी न सांगता सोडले, मात्र रात्रीच्या जेवणानंतर चॉकलेट-मिंटच्या तीन गोळ्या खाण्याची सवय तेवढी टिकून आहे. मिंटमुळे अन्न पचते आणि वरचे चॉकलेट डार्क असते, त्यामुळे या गोळ्यांची गणना गोडात करू नये, असे त्यांचे मत आहे. त्यांचा हा आनंद हिरावून घ्यावा असे मला मुळीच वाटत नाही. पण तो कितीला पडतो आहे हे मला समजून घ्यायचे आहे.

घरात सध्या तीन प्रकारच्या गोळ्या आहेत. त्यांच्या वेष्टनावरचे १०० ग्रॅमचे आकडे मी उतरवून घेतले आहेत.

पहिला प्रकार म्हणजे पांढऱ्या मऊ सारणावर चॉकलेटचे पातळ आवरण असलेली गोल चकती. ऊर्जा ३९० किलोकॅलरी, मेद ७ ग्रॅम, त्यात संपृक्त मेद ४.५ ग्रॅम, कर्बोदके ७९ ग्रॅम, त्यात शर्करा ६४ ग्रॅम, तंतू २ ग्रॅम आणि प्रथिने २ ग्रॅम. घटकांची यादी साखर आणि ग्लुकोज सिरपने सुरू होते. पुढे कोको मास (दळलेल्या कोको बियांचा लगदा), कोको बटर (त्याच बियांतील चरबी), इन्व्हर्टेज, लेसिथिन आणि पेपरमिंट तेल आहे.

दुसरा प्रकार तपकिरी, हिरवा आणि पुन्हा तपकिरी अशा तीन थरांच्या पातळ वडीचा आहे. ऊर्जा ५५३ किलोकॅलरी, मेद ३३ ग्रॅम, संपृक्त मेद २८ ग्रॅम, कर्बोदके ६० ग्रॅम, शर्करा ५७ ग्रॅम, तंतू २ ग्रॅम, प्रथिने ३ ग्रॅम. यादीत साखरेनंतर लगेच पाम कर्नल तेल आहे.

तिसरा प्रकार ‘साखरविरहित’ मिंट डार्क चॉकलेटचा आहे. ऊर्जा ४९५ किलोकॅलरी, मेद ३६ ग्रॅम, संपृक्त मेद २२ ग्रॅम, कर्बोदके ४७ ग्रॅम, त्यात शर्करा १ ग्रॅम आणि पॉलिऑल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड पदार्थ) ३८ ग्रॅम, तंतू १० ग्रॅम, प्रथिने ६ ग्रॅम. यादीत प्रथम कोको मास आणि मग माल्टिटॉल आहे.

जिभेला सर्वांत गोड लागते ती पहिली चकती. असे असताना तिच्यात कॅलरी सर्वांत कमी कशा? मिंटमधून काही पोषण मिळते का? डार्क चॉकलेटमधील लोह आणि मॅग्नेशियम यांच्याविषयी जे वाचायला मिळते, ते अशा गोळीला कितपत लागू होते? आणि तिसरा प्रकार मधुमेह असलेल्या माणसाने निर्धास्तपणे खावा का?

दशांशचिन्ह

आपण आकडे १०० ग्रॅमचे उतरवले आहेत, त्यामुळे तिन्ही प्रकारांची तुलना सरळ करता येते. पुष्कळ वेष्टनांवर ‘एका वेळच्या प्रमाणाचे’ आकडे ठळक अक्षरांत असतात आणि ते प्रमाण प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने ठरवतो. कुठे ते एका गोळीचे असते, कुठे तीन गोळ्यांचे.

प्रथम पहिल्या चकतीचे कोडे. कर्बोदके आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅममागे ४, मेदाच्या ग्रॅममागे ९ आणि तंतूंच्या ग्रॅममागे साधारण २ किलोकॅलरी धरण्याची पद्धत आहे. ७९ ग्रॅम कर्बोदकांचे ३१६, ७ ग्रॅम मेदाचे ६३, प्रथिनांचे ८ आणि तंतूंचे ४, म्हणजे एकूण ३९१. वेष्टनावरचा आकडा बरोबर आहे. आता याच चार घटकांचे वजन एकत्र करून पाहा : ७९, ७, २ आणि २ मिळून ९० ग्रॅम होतात. उरलेले १० ग्रॅम कुठे गेले? ते जवळजवळ सगळे पाणी आहे. मऊ सारणाला फाँडंट म्हणतात. साखर आणि ग्लुकोज सिरप यांचा घट्ट पाक थंड करताना सतत घोटला की त्यात साखरेचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि त्यांच्याभोवती पाकाचा ओलावा टिकून राहतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात ही बेरीज ९८ आणि ९९ ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे त्यांच्यात पाणी नाहीच म्हटले तरी चालेल. शिवाय त्यांचा एक-तृतीयांश भाग मेदाचा आहे. तेव्हा चकतीतील कॅलरी कमी दिसतात त्या गोडवा कमी असल्यामुळे नव्हे, तर मेद कमी आणि पाणी जास्त असल्यामुळे. साखरेच्या बाबतीत तीच तिन्हींत पुढे आहे.

यादीतील इन्व्हर्टेज हे एक विकर (एन्झाइम) आहे. ते सारणातील साखरेचे हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करते, त्यामुळे घट्ट भरलेले सारण काही दिवसांनी मऊ आणि पाझरते होते. याने पोषणमूल्यात म्हणावा असा फरक पडत नाही, कारण साखरेचे हेच विघटन एरवी आपल्या लहान आतड्यात होणारच असते.

आता ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही अशी गोष्ट. चकतीत कर्बोदके ७९ आणि शर्करा ६४ ग्रॅम आहे. मधले १५ ग्रॅम कशाचे? त्यांतील बराचसा भाग ग्लुकोज सिरपमधील लांब साखळ्यांचा असणार. वेष्टनावरील ‘शर्करा’ या शब्दात फक्त एक किंवा दोन घटकांचे रेणू मोजले जातात. त्याहून लांब साखळ्या त्या रकान्यात येत नाहीत. पोटात गेल्यावर मात्र त्या साखळ्या वेगाने तुटून त्यांचे ग्लुकोजच होते. म्हणून मधुमेहात शर्करेच्या रकान्यावर थांबू नये, एकूण कर्बोदकांचा आकडा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

शेवटी वजन. आपण एका गोळीचे वजन दिलेले नाही आणि खरा निर्णय तिथेच आहे. साधारण चकती १४ ग्रॅमची, पातळ वडी ५ ग्रॅमची आणि चॉकलेटचा चौकोनी तुकडा १० ग्रॅमचा धरू. तीन चकत्यांतून १६४ किलोकॅलरी, ३३ ग्रॅम कर्बोदके आणि २७ ग्रॅम शर्करा मिळते. तीन वड्यांतून ८३ किलोकॅलरी, ९ ग्रॅम कर्बोदके आणि साडेआठ ग्रॅम शर्करा. १०० ग्रॅमच्या तक्त्यात सर्वांत जड दिसणारी वडी ‘तीन गोळ्या’ या हिशेबात सर्वांत हलकी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, मिसळलेल्या व तत्सम मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांखाली राहिल्यास अधिक चांगले. २००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. तीन चकत्यांनी यांतली दुसरी मर्यादा जेवणानंतरच्या पाच मिनिटांत ओलांडली जाते, हे वडिलांना कागदावर मांडून दाखवावे.

रानवारा

दशांशचिन्ह यांचे गणित बिनचूक आहे. मी मेदाविषयी लिहितो, कारण वडीचे वजन कमी असल्यामुळे ती सर्वांत निरुपद्रवी आहे असा समज होऊ नये.

एकूण मेदात संपृक्त मेदाचा वाटा किती, हे काढून पाहा. चकतीत ७ पैकी ४.५ म्हणजे सुमारे ६४ टक्के, साखरविरहित चॉकलेटमध्ये ३६ पैकी २२ म्हणजे ६१ टक्के, आणि वडीत ३३ पैकी २८ म्हणजे तब्बल ८५ टक्के. कोको बटरमध्ये संपृक्त मेदाचा वाटा साधारण ६० टक्क्यांच्या आसपास असतो, तर पाम कर्नल तेलात तो ८० टक्क्यांच्या वर जातो. घटकांची यादी पाहिली नसती, तरी केवळ या गुणोत्तरावरून वडीतील मेद कोको बटरचा नाही हे कळले असते. अशा आवरणाला व्यवसायात कंपाउंड म्हणतात. कोको बटर काढून घेतलेली कोको पावडर आणि दुसरी एखादी वनस्पतिजन्य चरबी यांपासून ते बनवले जाते. ते स्वस्त पडते आणि त्याला टेंपरिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन चकाकी व कडकपणा आणण्याची, गरज पडत नाही.

दोन्ही मेद संपृक्त असले, तरी शरीरावरचा परिणाम सारखा नाही. कोको बटरमधील संपृक्त मेदाचा मोठा भाग स्टिअरिक आम्लाचा असतो आणि त्याचा रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजल्या जाणाऱ्या, कोलेस्टेरॉलवर फारसा परिणाम होत नाही. पाम कर्नल तेलात लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मे असते आणि ते एलडीएल वाढवते. तीन वड्यांतून सुमारे ४.२ ग्रॅम संपृक्त मेद मिळतो. संपृक्त मेदातून येणारी ऊर्जा १० टक्क्यांच्या आत ठेवावी या शिफारशीनुसार २००० किलोकॅलरींच्या आहारात त्याची दिवसाची मर्यादा सुमारे २२ ग्रॅम येते. त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या तीन वड्यांत संपतो. मधुमेहात हृदयविकाराची जोखीम आधीच वाढलेली असते, त्यामुळे हा हिशेब मी साखरेच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा मानतो. यादीत कुठे ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ असे शब्द आढळले, तर ते पाकीट घरात आणूच नये. त्या प्रक्रियेत तयार होणाऱ्या ट्रान्स मेदाची कोणतीही सुरक्षित पातळी नाही.

आता लोह आणि मॅग्नेशियम. ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये साधारण १२ मिलिग्रॅम लोह आणि २२८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, हे खरे आहे. आपण जे वाचले ते बहुधा याच आकड्यांवर आधारलेले असावे. पण आपल्या चकतीत चॉकलेट आहे किती? फाँडंटमध्ये मेद जवळजवळ नसतो, म्हणजे ७ ग्रॅम मेद सगळा आवरणाचा. ४५ ते ५९ टक्के कोकोच्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ३१ ग्रॅम मेद असतो. त्यावरून आवरणाचा वाटा साधारण २३ टक्के निघतो. १४ ग्रॅमच्या चकतीत चॉकलेट फार तर सव्वातीन ग्रॅम! अशा चॉकलेटमध्ये १०० ग्रॅममागे लोह ८ आणि मॅग्नेशियम १४६ मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे एका चकतीतून पाव मिलिग्रॅम लोह आणि ५ मिलिग्रॅमहून कमी मॅग्नेशियम मिळते. प्रौढ पुरुषाची रोजची लोहाची गरज ८ मिलिग्रॅम धरली, तर केवळ चकत्यांतून ती भागवायला तीसहून अधिक चकत्या लागतील. शिवाय कोकोतील लोह वनस्पतिजन्य असते आणि कोकोतीलच पॉलिफेनॉल त्याच्या शोषणात अडथळा आणतात. वेष्टनावर ‘डार्क’ हा शब्द कितीही मोठा छापलेला असला, तरी त्याचा संबंध त्या सव्वातीन ग्रॅमपुरताच आहे.

तिन्हींपैकी ज्याला प्रामाणिकपणे चॉकलेट म्हणता येईल, ते फक्त तिसरे. तंतू १० ग्रॅम आणि प्रथिने ६ ग्रॅम, ही त्यात खरोखर कोको असल्याची खूण आहे.

पानगळ

मी स्वतः साखरविरहित मिंट चॉकलेटच खातो. त्यात शर्करा फक्त १ ग्रॅम असल्यामुळे मधुमेहाच्या दृष्टीने ते शून्य धरायला हरकत नाही, असे मला वाटते. मग एवढा हिशेब कशासाठी करायचा?

औषधवही

मी आहारशास्त्र शिकवते आणि वरील प्रतिसादातील ‘शून्य’ हा शब्द वाचून लिहायला बसले आहे.

माल्टिटॉल हे पॉलिऑल आहे. रासायनिक दृष्ट्या ते साखर नाही, म्हणून शर्करेच्या रकान्यात येत नाही. परंतु शरीर त्याचा काही भाग पचवून ग्लुकोज मिळवतेच. साखरेचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे पदार्थ रक्तशर्करा किती वेगाने वाढवतो याचे माप, ६५ च्या आसपास धरतात आणि माल्टिटॉलचा साधारण ३५. म्हणजे रक्तशर्करा वाढते, पण कमी आणि सावकाश वाढते. एरिथ्रिटॉलसारख्या पॉलिऑलचे बहुतांश प्रमाण न वापरले जाता मूत्रावाटे निघून जाते, त्यामुळे ‘पॉलिऑल’ या एका शब्दावरून सर्वांना सारखे मानता येत नाही. युरोपीय लेबल-पद्धतीत पॉलिऑलच्या ग्रॅममागे २.४ किलोकॅलरी धरतात, एरिथ्रिटॉलला मात्र शून्य. या पद्धतीने उंबरठा यांच्या तिसऱ्या प्रकाराचा हिशेब करून पाहिला : मेदाचे ३२४, पॉलिऑलचे ९१, उरलेल्या ९ ग्रॅम कर्बोदकांचे ३६, तंतूंचे २० आणि प्रथिनांचे २४, मिळून ४९५. बरोबर वेष्टनावरचाच आकडा. साखर गेली तरी ऊर्जा वडीपेक्षा फक्त दहा टक्क्यांनी कमी झाली, कारण तिचा दोन-तृतीयांश भाग मुळात मेदातून येतो आहे. तीन तुकड्यांत सुमारे १४८ किलोकॅलरी आणि ११ ग्रॅम माल्टिटॉल जाते. न पचलेले माल्टिटॉल मोठ्या आतड्यात पाणी ओढते आणि तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यामुळे अधिक खाल्ल्यास पोटात वायू धरतो आणि जुलाबही होतात. वेष्टनाच्या कोपऱ्यात ‘अतिसेवनाने रेचक परिणाम होऊ शकतो’ असे वाक्य बहुधा असेल.

तरीसुद्धा रक्तशर्करेच्या दृष्टीने या तिघांत मी तिसऱ्यालाच पुढे ठेवीन, फक्त मोजून.

आता मिंट. पोषणाचा एकही रकाना मिंटमुळे हलत नाही. गोळीत पुदिन्याची पाने नसतात. असते ते पेपरमिंटचे बाष्पनशील तेल, तेही एका टक्क्याच्या छोट्याशा अंशाइतके. त्यातील मुख्य घटक मेंथॉल. तोंडातील आणि त्वचेतील टीआरपीएम८ नावाचा ग्राहक (संवेदना टिपणारा रेणू, रिसेप्टर) एरवी थंडीने जागा होतो. मेंथॉल त्यालाच जागे करते, म्हणून तापमान तसूभरही न उतरता गारवा जाणवतो. हा ग्राहक २००२ मध्ये ओळखला गेला, आणि स्पर्श व तापमान यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मला या गोळ्यांची खरी काळजी वाटते ती या गारव्यामुळेच. दोन-तृतीयांश साखर असलेला पदार्थ नुसता खाल्ला, तर दुसऱ्या घासाला तोंड गोडाने मिटते. मेंथॉलमुळे तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटते आणि हात तिसऱ्या गोळीकडे जातो. वडिलांना या गोळ्या मिठाईसारख्या वाटत नाहीत, यात त्यांच्या समजुतीचा दोष नाही. जिभेला तसे खरोखरच वाटते.

‘मिंटने अन्न पचते’ या समजुतीत तथ्याचा अंश आहे. पेपरमिंट तेल आतड्याच्या स्नायूंचा ताण सैल करते आणि आतड्यात जाऊन उघडणाऱ्या कॅप्सूलच्या रूपात आतड्यांच्या काही तक्रारींवर ते दिलेही जाते. पण एका कॅप्सूलमध्ये साधारण २०० मिलिग्रॅम तेल असते. गोळीतील प्रमाणाशी त्याची तुलना होणार नाही.

वडिलांना रात्री छातीत जळजळ होते का, हे जरूर विचारा.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. रात्री जेवणानंतर सर्व प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले आणि ते शांतपणे ऐकत होते. आवरणातील सव्वातीन ग्रॅम चॉकलेटचा हिशेब त्यांनी दोनदा वाचायला लावला.

औषधवही, आपण विचारले म्हणून सांगते : होय, आडवे झाल्यावर जळजळ होते असे ते अधूनमधून म्हणतात, पण तिचा संबंध आम्ही कधी या गोळ्यांशी जोडला नव्हता.

आणखी एक गोष्ट यानिमित्ताने कळली आणि ती ऐकून मी अस्वस्थ झाले. फिरायला जाताना ते खिशात याच चकत्या ठेवतात, म्हणजे साखर एकदम कमी झाली तर उपयोगी पडतील. त्यांच्या औषधांमध्ये रक्तशर्करा उतरवणारी सल्फोनिलयुरिया गटातील गोळी आहे, आणि वर्षभरात दोन वेळा त्यांना घाम फुटून हात थरथरले होते. चकतीत एवढी साखर आहे, तर ती अशा वेळी चालेल का?

औषधवही

हा प्रश्न विचारलात हे फार चांगले केले. चकती त्यासाठी खिशात ठेवू नये.

रक्तशर्करा डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास १५ ग्रॅम लवकर शोषली जाणारी कर्बोदके घ्यावीत, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा वर आला नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा घ्यावी, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. चॉकलेटमधील मेदामुळे पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि ग्लुकोज रक्तात पोचायला उशीर लागतो. चकतीत मेद इतर दोन प्रकारांहून कमी असला, तरी तिच्यातील साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि तो रक्तातील ग्लुकोज तितक्या वेगाने वाढवत नाही. शिवाय एका चकतीत ११ ग्रॅम कर्बोदके असतात. ती थरथरत्या हाताने उलगडायची, चावायची, आणि एक पुरली नाही म्हणून दुसरी शोधायची, यात महत्त्वाची मिनिटे जातात. तिसऱ्या प्रकारचे साखरविरहित चॉकलेट तर अशा वेळी जवळजवळ निरुपयोगी आहे. खिशात शुद्ध ग्लुकोजच्या गोळ्या किंवा ग्लुकोज पावडरची पुडी असावी. त्यांच्या औषधांत अकार्बोज असेल, तर ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते, कारण ते औषध साखरेचे विघटन रोखते आणि अशा वेळी शुद्ध ग्लुकोजच उपयोगी पडते. घाम आणि थरथर यांचे ते दोन प्रसंग डॉक्टरांना तारीख आणि वेळेसह सांगा. औषधाची मात्रा बदलायची का, हे त्यांनी ठरवायचे आहे.

जळजळीविषयी : अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप मेंथॉलने सैल पडू शकते आणि चॉकलेटनेही तसे होऊ शकते. या गोळीत दोन्ही एकत्र येतात आणि ती खाल्ली जाते नेमकी झोपण्यापूर्वी. दोन आठवडे रात्रीची गोळी दुपारच्या जेवणानंतर खाऊन पाहावी. जळजळ थांबली तर कारण सापडले. न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावे.

रानवारा

एक छोटीशी भर. डार्क चॉकलेटमुळे रात्री झोप लागत नाही अशी शंका वडिलांना कधी आली, तर चकतीपुरती ती मनातून काढून टाकावी. मघाच्या सव्वातीन ग्रॅम चॉकलेटमध्ये कॅफीन सुमारे दीड मिलिग्रॅम असते, तर कपभर कॉफीत ते ९० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. कोकोत थिओब्रोमिन हे कॅफीनच्याच जातीचे द्रव्य कॅफीनपेक्षा पुष्कळ जास्त असते, पण माणसावर त्याचा उत्तेजक परिणाम सौम्य असतो. घरात कुत्रा असेल, तर मात्र तिसरा प्रकार उंचावर ठेवावा. कुत्र्याच्या शरीरातून थिओब्रोमिन फार सावकाश बाहेर पडते आणि जास्त कोको असलेले चॉकलेट त्याला विषासमान ठरते.

पानगळ

औषधवही यांच्या प्रतिसादानंतर मी माझे पाकीट पुन्हा वाचले. तेही माल्टिटॉलचेच निघाले आणि रेचक परिणामाचे वाक्य मागच्या बाजूला आहे. गेले काही महिने पोट फुगते म्हणून मी दूध बंद केले होते. आता आधी हे बंद करून पाहतो.

उंबरठा

आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिन्ही प्रकार मोजले. वडी ५ ग्रॅमची आणि चौकोनी तुकडा १० ग्रॅमचा, म्हणजे दशांशचिन्ह यांच्या अंदाजाप्रमाणेच भरला. चकती मात्र १४ नव्हे, १७ ग्रॅमची निघाली. म्हणजे तीन चकत्यांची कर्बोदके ३३ वरून ४० ग्रॅमवर गेली आणि शर्करा जवळजवळ ३३ ग्रॅम झाली. साखरेच्या आठ सपाट चमच्यांएवढी. काट्यावरचा आकडा वडिलांनी स्वतः वाचला आणि मला काही बोलावे लागले नाही.

दुपारच्या जेवणानंतर साखरविरहित चॉकलेटचा एक तुकडा आणि रात्री काही नाही, असे त्यांनीच ठरवले आहे. खिशात आता ग्लुकोजच्या गोळ्या आहेत. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाताना ते दोन प्रसंग आणि जळजळ, दोन्ही लिहून नेते आहे.